शमशादचा पाळणा

१८५० साली लंडनमधल्या एका लाकूड कोरणाऱ्या कारागिराकडे एका पाळण्याची ऑर्डर आली. कारागिराचं नाव विल्यम गिब्ज रॉजर्स. तो साठीकडे झुकलेला होता. ऑर्डर देणारी बाई महाराणी व्हिक्टोरिया. राणीला तोवर सात मुलं झाली होती; सातवा आर्थर त्याच वर्षी १ मे रोजी जन्मला. म्हणजे राजवाड्यात पाळण्यांची टंचाई असण्याचा प्रश्नच नव्हता. पाळणा हवा होता तो वेगळ्याच कामासाठी. इंग्लंडचं राजघराणं आणि राणीच्या नवऱ्याचं, अल्बर्टचं, जर्मनीतलं सॅक्स-कोबर्ग-गोथा घराणं एक झालं, हे त्या लाकडात दिसायला हवं होतं.

सुतारकाम माझ्या घरात होतं, त्यामुळे ही हकीकत वाचताना माझं लक्ष राणीपेक्षा रॉजर्सकडे जास्त गेलं. आमचे बडे अब्बा दारं-खिडक्या डोळे झाकून करत, पण कोणी पाळण्याचं काम घेऊन आलं की दोन दिवस मागून घेत. ते म्हणायचे, "खाट करकरली तर माणूस उठून मला शिव्या देतो. लेकरू रडतं, पण कशानं रडतंय ते सांगत नाही. कुसू ढिलं आहे, की कड टोचतेय, की एका बाजूला कलतंय, ते मलाच आधी ओळखावं लागतं." पाळणा ही सतत हलणारी वस्तू. कपाट एकदा भिंतीला लावलं की वीस वर्षं तिथंच उभं राहतं. पाळण्याचा प्रत्येक सांधा मात्र रोज शेकडो वेळा इकडून तिकडे ओढला जातो. त्यात खिळा वर आला तर काय होईल, हे सांगायला नको.

रॉजर्सपुढे हे सगळं होतंच. त्यात भर पडली लाकडाची. पाळणा करायचा होता तुर्की बॉक्सवुडचा. हे झाड फार हळू वाढतं. खोड एवढं बारीक की त्यातून रुंद फळी निघतच नाही. लाकूड इतकं घट्ट की ओलं असताना पाण्यात टाकलं तर बुडतं. घाईनं वाळवलं तर तडकतं, म्हणून वर्षानुवर्षं सावलीत मुरवावं लागतं. पण एकदा मुरलं की त्याच्यावर केसाएवढी बारीक रेघ ओढता येते आणि ती तुटत नाही. त्या काळच्या सचित्र इंग्रजी साप्ताहिकांची चित्रं याच लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरून छापली जात. मोठं चित्र हवं असेल तर अनेक ठोकळे एकमेकांना जोडावे लागत, कारण एका ठोकळ्याची रुंदी पुरायचीच नाही. ज्या लाकडाची वर्तमानपत्राच्या पानाएवढी फळी मिळत नाही, त्याचा अख्खा पाळणा करायचा म्हणजे जोडकाम आलंच. आणि जोड दिसला तर काम फसलं.

हा माल लंडनला यायचा तो काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरून, इस्तंबूलमार्गे. तुर्कीत या लाकडाला शिमशीर म्हणतात (तलवारीच्या शमशीरशी गल्लत करू नका). तिथं त्याचे कंगवे आणि चमचे करतात. फारसीत हेच झाड शमशाद. उर्दू-फारसी शायरीत माशुकाच्या उंच, सरळ बांध्याला ज्याची उपमा देतात तो हाच शमशाद. शमशाद बेगमच्या नावातला तोच. आता प्रत्यक्षातलं बॉक्सचं झाड बहुतेक वेळा झुडपासारखं पसरट असतं. शायरांनी ते कधी जवळून पाहिलं होतं का, अशी मला शंका आहे.

रॉजर्सच्या घरात कामाची वाटणी होती. आराखडा काढला मुलानं, विल्यम हॅरीनं, आणि कोरलं बापानं. शैली इटालियन. रॉजर्सचा हात बसला होता तो ग्रिन्लिंग गिबन्स या सतराव्या शतकातल्या कारागिराच्या कामावर. गिबन्सनं लाकडात कोरलेली फुलं अशी की पाकळीच्या मागे बोट जाईल. त्या जुन्या कामांना भुंगा लागून आतून भुगा होत होता. त्यांच्यावर इलाज करण्यात रॉजर्सनं बरीच वर्षं घालवली. मेलेल्या उस्तादाचं काम रोज हातात घेऊन दुरुस्त करणं, याहून मोठी तालीम कोणती?

तर असा हा पाळणा. एका टोकाला मधोमध राणीचं राजचिन्ह, त्याभोवती पानं, फुलं, पक्षी. दुसऱ्या टोकाला, म्हणजे बाळाच्या डोक्याच्या मागच्या बाजूला, अल्बर्टची ढाल. आतल्या बाजूला डोक्याशी राखणदार फरिश्ते आणि वर पानांत रुतलेला मुकुट. बाजूंच्या पट्ट्यांवर गुलाब, खसखशीची फुलं, फुलपाखरं. इथवर सगळं ग्राहकाच्या मनासारखं. राजघराण्याच्या पाळण्यावर दुसरं काय असणार?

पण नजर खाली न्या. पाळणा ज्या दोन वक्र पायांवर झुलतो त्यांतल्या एकावर रात्रीच्या देवीचं मुखडं आहे. झोपलेली सुंदर बाई, डोक्यावर खसखशीच्या फुलांचा गजरा, आधाराला वटवाघळाचे पंख आणि भोवती सात ग्रह. दुसऱ्या पायावर झोपेचा देव, डोळे मिटलेला. दोघंही रोमन पुराणातले. वर दोन राज्यं आणि खाली रात्र आणि झोप. ही मांडणी कोणाच्या डोक्यातून आली असेल ती येवो, मला ती सुताराची वाटते. जमिनीला टेकून प्रत्यक्ष झुलवण्याचं काम करतात ते हे दोन पाय. ढाल आणि मुकुट नसते तरी बाळ झोपलं असतं.

राणीचं स्वतःचं लहान बाळांविषयीचं मत काही फार प्रेमळ नव्हतं. थोरल्या मुलीला लिहिलेल्या पत्रांत तिनं तान्ही मुलं कुरूप दिसतात असं साफ लिहून ठेवलं आहे. तरीही तिची नऊच्या नऊ मुलं जगली, मोठी झाली. त्या काळात ही नवलाची गोष्ट होती. राजवाड्यांतूनही पाळणे रिकामे होत.

पुढच्याच वर्षी, १ मे १८५१ रोजी, लंडनच्या हाइड पार्कमध्ये काचेच्या प्रचंड इमारतीत जगभरच्या वस्तूंचं प्रदर्शन उघडलं. आर्थरचा तो पहिला वाढदिवस. साठ लाखांवर लोकांनी ते प्रदर्शन पाहिलं आणि पाळण्याची वाहवा झाली. त्याच छताखाली एका सोनेरी पिंजऱ्यात कोहिनूर ठेवला होता. लोक तो पाहायला गर्दी करत आणि हवा तेवढा चमकत नाही म्हणून हिरमुसून परत जात.

हा हिराही एका लहान मुलाचाच. दलीपसिंग पाचव्या वर्षी पंजाबच्या गादीवर बसला. १८४९ मध्ये राज्य आणि कोहिनूर देऊन टाकण्याच्या करारावर त्याची सही घेतली तेव्हा तो दहा वर्षांचा होता. आई जिंद कौर हिला त्याच्यापासून आधीच तोडलं होतं. मायलेकांची गाठ पुन्हा पडली ती १८६१ साली, तेही कलकत्त्यात. दोन वर्षांनी ती इंग्लंडमध्ये वारली. दलीपसिंगाला तिला पंजाबात नेऊ दिलं नाही. तिचा देह मुंबई प्रांतात आणला गेला आणि आपल्या गोदावरीच्या काठी, पंचवटीच्या बाजूला, तिची छोटी समाधी बांधली गेली. पुढे नातीनं तिच्या अस्थी लाहोरला नेल्या. नाशिकला जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे? प्रदर्शनात एका राजघराण्यासाठी कोरलेला पाळणा आणि एका राजपुत्राकडून काढून घेतलेला दगड एकाच तिकिटात पाहायला मिळत होते. या दोन वस्तूंचा संबंध त्या गर्दीत कोणाला लागला असेल, असं वाटत नाही.

'हे इंग्रजांचंच' म्हणून आपण सुटू शकत नाही. ज्या तुर्कांच्या मुलखातून ते लाकूड आलं, तिथल्या पाळण्यांचीही गोष्ट ऐका.

उस्मानी सुलतानाला मूल झालं की इस्तंबूलमध्ये पाळण्याची मिरवणूक निघे. तिला बेशिक आलायी म्हणत; बेशिक म्हणजे पाळणा. एक पाळणा सुलतानाच्या आईकडून यायचा, सोबत रजई आणि भरजरी चादर. दुसरा वजीर-ए-आझमकडून, सहाव्या दिवशी. आपल्याकडे पाचवी-सहावीला सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहिते म्हणतात, आणि आमच्या मुसलमान घरांतही छटी होतेच. मौलवींनी कितीही सांगितलं तरी सहावा दिवस काही सुटत नाही. तोपकापी राजवाड्याच्या खजिन्यात अठराव्या शतकातला एक पाळणा आजही आहे. लाकडी सांगाड्यावर सोन्याचा पत्रा आणि त्यावर रत्नं. लाकूड कुठं दिसतच नाही. सुतारानं सांधा किती सफाईनं बसवला, हे सोनारानं झाकून टाकलं.

आणि त्या पाळण्यातून उतरलेला शहजादा पुढे कुठं जायचा? १५९५ साली तिसरा मेहमद तख्तावर आला तेव्हा त्यानं आपल्या १९ भावांना गळा आवळून मारवलं. त्यांत अगदी लहान मुलंही होती. लोकांना ते असह्य झालं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला ही रीत सैलावली आणि भावांना मारण्याऐवजी राजवाड्यातच कोंडून ठेवायला लागले. त्या जागेला काफेस म्हणत. उर्दूत आपण क़फ़स म्हणतो तोच शब्द, पिंजरा. तिचं दुसरं नाव होतं शिमशिरलिक, कारण तिथल्या अंगणात शिमशीरची झाडं होती. तोच शमशाद. दुसरा सुलेमान लहानपणी तिथं गेला तो १६८७ मध्ये तख्तावर बसवण्यासाठी बाहेर काढला गेला. मध्ये सुमारे ३९ वर्षं गेली. न्यायला माणसं आली तेव्हा आपल्याला मारायलाच आले आहेत अशी त्याची खात्री झाली होती, असं सांगतात.

कुराणात हजरत मरियमच्या मांडीवरचा इसा पाळण्यातून बोलतो आणि आईवरचा आळ दूर करतो. बाकी कुठल्याच पाळण्यातल्या मुलाला आपली बाजू मांडता आलेली नाही.

कारागिरीच्या नजरेनं मला यांपैकी कुठल्याही पाळण्यापेक्षा अवघड वाटतो तो मध्य आशियातल्या साध्या घरांतला बेशिक. फरगणा खोऱ्यात, म्हणजे बाबर ज्या मुलखात जन्मला तिथं, तो आजही बनतो. विलो किंवा तुतीचं लाकूड, कातकाम केलेल्या दांड्या, दोन कमानी आणि त्यांना वरून जोडणारा आडवा दांडा. तो दांडा धरून आई पाळणा उचलते, झुलवते, त्यावर चादरी टाकून बाळाला ऊन, थंडी, माशा यांपासून झाकते. बाळाला पाठीवर निजवून रुंद पट्ट्यांनी बांधतात. खाली तळाला आणि गादीला भोक असतं. त्यातून सुमक नावाची लाकडी नळी बाळाच्या अंगाला लागून बसवतात आणि तिचं दुसरं टोक खालच्या भांड्यात. बाळ कोरडं राहतं, लंगोटाचं काम नाही. सुमक मुलाची वेगळी आणि मुलीची वेगळी. मुलाची चिलमीसारखी, मुलीची लांबट तोंडाची.

सुताराच्या दृष्टीनं विचार करा. ती नळी तान्ह्या कातडीला रात्रभर टेकून राहणार. एक कूस राहिली तर संपलं. आतून एवढी गुळगुळीत हवी की थेंब अडकणार नाही, नाहीतर दोन दिवसांत वास मारेल. तळाचं भोक बोटभर पुढे-मागे झालं तर पाळणाच निकामी. यात दोष नाहीत असं नाही. पाय सरळ बांधून ठेवणं खुब्याच्या सांध्याला चांगलं नसतं, असं डॉक्टर सांगतात आणि ते बरोबर आहे. पण प्रत्येक माप बाळाच्या अंगावरून घेतलेलं आहे. तिथं घराण्याची ढाल बसवायला जागाच नाही.

आपल्याकडचा पाळणा टांगता. तुळईला कडी, कडीला साखळी. शेणानं सारवलेल्या उंचसखल जमिनीवर वक्र पायांचा पाळणा नीट झुलणार नाही, हे त्यामागचं एक कारण असावं. बडे अब्बांनी केलेला एक पाळणा आमच्या भाऊबंदांत अजून फिरतो. ज्या घरी बाळंतपण असेल ते घर येऊन घेऊन जातं. चौकट सागाची, दांड्या कातारी मित्राकडून करून घेतलेल्या, लाखेचा तांबडा रंग आता अर्धा उडालेला. गेल्या वर्षी त्याची एक दांडी बदलावी लागली. नवीन सुतारानं खिळे मारू का म्हणून विचारलं. पुतणीच्या सासूबाई म्हणाल्या, "खिळा नको बाबा. वेळ लागू दे, पण कुसूच कर."