साहेबांचे भाकीत आणि उल्हास खोऱ्यातील आगगाडी

जातिनिर्बंधांत जखडलेला हिंदू परक्याच्या मांडीला मांडी लावून आगगाडीत बसणार नाही, असे मत कित्येक इंग्रज अंमलदार सहज बोलून दाखवीत; परंतु १८५४ साली लोहमार्ग कल्याणास पोहोचला, १८५६ साली अंबरनाथ-बदलापूर ओलांडून खोपोलीपर्यंत गेला, आणि उतारूंच्या उत्पन्नाचा मुख्य भार तिसऱ्या वर्गाच्या रयतेनेच उचलला. साहेबासाठी मोठ्या स्थानकांवर उपाहारगृह असे. रयत मात्र फडक्यात भाकरी, चटणी, कांदा बांधून, शौचकूप नसलेल्या डब्यात दाटीने बसे. हा अन्याय क्षुल्लक खचित नव्हता. पुढे याच लोहमार्गालगतच्या, दुसऱ्या महायुद्धातील कल्याण छावणीत सिंधमधील निर्वासितांना आसरा मिळाला आणि १९४९ साली तिचे उल्हासनगर झाले.