संशोधन विभाग, हिंदुस्थान अँटिबायोटिक्स
पिंपरी येथील सरकारी प्रतिजैविक कारखान्याचा शोधविभाग. कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने १९५५ मध्ये पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. कवकशास्त्रज्ञ एम. जे. तिरुमलाचार यांनी दीर्घकाळ संशोधनाचे नेतृत्व केले. येथे शोधलेल्या हॅमायसिन या कवकरोधी औषधाचा जनक सूक्ष्मजीव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. गावाचे नाव असे शास्त्रात गेले, ही अभिमानाचीच गोष्ट.

अशा विभागात प्रमुखाचे खरे काम निवडीचे. मातीतून वेगळे काढलेले जीव कवक पेरलेल्या काचेच्या बशीत ठेवतात. ज्याच्याभोवती स्वच्छ वलय उमटते तो पुढे जातो. पण वलय म्हणजे औषध नव्हे. द्रव्य विषारी आहे का, आधीच ज्ञात आहे का, हे पाहून काम वाढवायचे की थांबवायचे, हा निर्णय प्रमुखाचा. निवडलेल्या जीवाचे मूळ वाण जपणाऱ्याचे नाव क्वचितच पुढे येते. वाण बिघडले की मात्र सारे उत्पादन खाली येते. किण्वनाचे पथक चंबूतली कृती प्रायोगिक टाकीत उतरवते. तेथे हवा, तापमान आणि फेस यांचे गणित नव्याने बसवावे लागते. हॅमायसिनप्रमाणेच पिकांवरील रोगांसाठीचे ऑरिओफंगिनही पिंपरीच्या विभागाचेच.