वाटा आणि नशीब : मराठीतील भाग्यवाचक शब्दांविषयी

दैवाविषयी बोलताना मराठी माणूस जी वाक्यरचना योजतो ती बारकाईने पाहण्यासारखी आहे. दुःख 'वाट्यास येते', दारिद्र्य 'नशिबी येते', सुख 'पदरी पडते'. भोगणारा माणूस या वाक्यांत कर्ता नसतो. भोग हाच कर्ता असतो आणि तो चालत येतो. शिवाय 'वाट्यास' आणि 'नशिबी' ही दोन रूपे एकमेकांच्या जागी सहज बसतात. हे केवळ वापराने घडलेले साम्य नव्हे. या दोन्ही शब्दांचा मूळ अर्थ एकच आहे, आणि तो 'हिस्सा' हा होय. दैववादाची चर्चा आपल्याकडे बहुधा कर्मसिद्धांताच्या अंगाने होत आली आहे. पण शब्दांचा माग घेतला तर ती वाटणीच्या इतिहासात जाऊन पोहोचते.

'भाग्य' हा शब्द 'भज्' या धातूपासून आला. वाटून देणे, आपला हिस्सा घेणे हा त्या धातूचा जुना अर्थ. भाग, विभाग, भक्त, भक्ती हे सारे त्याच कुळातले. इतकेच नव्हे, तर आपल्या रोजच्या पानातला 'भात' हाही 'भक्त' या शब्दाचाच, म्हणजे वाढून दिलेल्या हिश्शाचाच, वंशज आहे. वैदिक देवमंडळात 'भग' हा आदित्य असा हिस्सा देणारा देव म्हणून येतो. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील एकेचाळिसावे सूक्त मुख्यतः त्यालाच उद्देशून आहे. त्यात दुबळा, बलवान आणि राजा असे तिघेही त्याच्यापाशी आपापला वाटा मागतात. येथे मागणे आहे, पण रडगाणे नाही. वाटा हा मागण्याचा विषय आहे, कारण तो देणारा समोर आहे. इराणी शाखेत हाच शब्द 'बग' या रूपाने थेट 'देव' या अर्थी रूढ झाला, आणि स्लाव भाषांत 'बोग' म्हणजे देव, तर 'बोगात' म्हणजे श्रीमंत. ज्याला हिस्सा मिळाला तो श्रीमंत, असा हा साधा हिशेब आहे.

मात्र ब्राह्मणग्रंथांच्या काळी या भगाचे डोळे गेलेले दिसतात. शतपथ ब्राह्मणातील कथेप्रमाणे यज्ञातील 'प्राशित्र' नावाचा अत्यल्प भाग भगापाशी नेला. त्याकडे पाहताच त्याचे डोळे जळाले. तोच भाग चाखताना पूषाचे दात पडले. पुढे पुराणांत हेच प्रसंग दक्षयज्ञाच्या विध्वंसाला जोडले गेले. कथेचा मूळ हेतू यज्ञातील एका विधीचे समर्थन करणे हा असला, तरी वाटणारा देव आंधळा आहे ही कल्पना लोकांना पटली असावी, कारण भग आंधळा असल्याचे वचन निरुक्तानेही नोंदविले आहे. जगातील वाटणी विषम का, या प्रश्नाला इतके थोडक्यात उत्तर क्वचितच दिले गेले असेल.

'दैव' या शब्दाची वाट वेगळी. तो 'देव' या शब्दावरून साधलेला, आणि त्याचा अर्थ दीर्घकाळ डळमळीत राहिला. भगवद्गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या पाच कारणांपैकी पाचवे म्हणून 'दैव' सांगितले आहे. आजचा वाचक त्याचा अर्थ सहज 'नशीब' असा करील. परंतु शके १२१२ मध्ये (इ. स. १२९०) सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीत त्या ठिकाणी इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवतांचा समुदाय असा अर्थ केला आहे, व तो शंकराचार्यांच्या भाष्याला धरून आहे. म्हणजे ज्या ग्रंथावर महाराष्ट्राचे चिंतन पोसले त्यातील या स्थळी तरी दैव म्हणजे अदृष्ट नव्हे. संचित, प्रारब्ध, क्रियमाण या त्रयीने दैवाला पूर्वकर्माचा आधार दिला आणि आंधळ्या वाटप्याची गरज संपविली. आता माणूस स्वतःच स्वतःचा वाटा ठरविणारा झाला, फक्त मागील जन्मीचा. याचा एक परिणाम असा की 'कर्म' हा कृतिवाचक शब्दच बोलीत उलटा फिरला. 'कर्म माझं!' असे म्हणणारा माणूस आपल्या कृतीविषयी नव्हे, आपल्या हतबलतेविषयी बोलत असतो.

'नशीब' हा शब्द अरबीतून फार्सीमार्गे आला. अरबी 'नसीब' म्हणजे नेमून दिलेला हिस्सा. त्याच्या जोडीचा 'किस्मत' हाही वाटणे या अर्थाच्या धातूपासून झालेला, तर 'तकदीर' हा मापून ठरविणे या अर्थाचा. म्हणजे मुसलमानी अमलात जे शब्द आले त्यांनी नवी कल्पना आणली नाही. 'भाग्य' या शब्दाची जागा आधीच त्याच आकाराची होती. मराठीने तो शब्द किती आपलासा केला हे त्याच्या उच्चारावरूनच कळते. हिंदीत 'नसीब' राहिले. मराठीत इकारापूर्वीच्या सकाराचा शकार झाला. सिपाहीचा शिपाई, वसीला या शब्दाचा वशिला, कासिदचा काशीद आणि मस्जिदची मशीद ज्या नियमाने झाली त्याच नियमाने हे घडले. पोथीतून उचललेला शब्द असा बदलत नाही. तो तोंडातोंडी फिरावा लागतो. शिवकालात राज्यव्यवहारकोश रचला गेला तो दरबारी परिभाषेसाठी. ओसरीवरच्या शब्दांना त्याची झळ लागण्याचे कारण नव्हते.

सटवाईची समजूत येथे नुसती नोंदवून पुढे जाता येईल. बाळंतिणीच्या खोलीत कोरा कागद, दौत, लेखणी ठेवावयाची आणि सटवाईने येऊन बाळाच्या कपाळी लिहावयाचे. महजर आणि वतनपत्रे जपणाऱ्या समाजात हक्क जसा लेखी असे तसे भाग्यही लेखी मानले गेले, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ललाटलेखाची कल्पना संस्कृत वाङ्मयात जुनीच आहे, म्हणून तो मोह आवरलेला बरा.

खरी अडचण अर्थाच्या प्रवासात आहे. हिस्सा म्हटला की वाटणारा आला, वाटणीचा नियम आला आणि दाद मागण्याची जागाही आली. नशीब म्हटले की हे तिन्ही दिसेनासे होतात. गावगाड्यात बलुत्याचा वाटा पिढीजात ठरलेला असे आणि कोणाचा वाटा कोणता हे जन्माने ठरे. तेव्हा 'वाट्यास आले' हे शब्द खळ्यावरच्या धान्याविषयी आणि आयुष्याविषयी सारखेच खरे होते. महात्मा फुले यांनी 'शेतकऱ्याचा असूड' (१८८३) मध्ये शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणे दैवात न शोधता भटभिक्षुकांच्या आणि सरकारी कामगारांच्या व्यवहारात शोधली, हा वाटणाऱ्याचे नाव घेण्याचाच प्रकार होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, तेव्हा महारांच्या वाट्यास आलेले वतन ही गुलामगिरी आहे हाच त्यांचा मुद्दा होता. ती वतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ साली.

स्त्रियांच्या बाबतीत हा अर्थभेद अधिक बोचरा आहे. कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात आईबापांनी व आप्तांनी मागे ठेवलेल्या मालमत्तेत पुरुषांचा 'नसीब' आहे आणि स्त्रियांचाही 'नसीब' आहे असे सांगितले आहे. तेथे हा शब्द निखळ कायद्याचा आहे. मराठीत मात्र तो स्त्रीच्या तोंडी रुळला तो केवळ दैवाच्या अर्थाने. मिताक्षरेप्रमाणे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीला जन्मतः वाटा नव्हता. 'भाग्य' या शब्दाच्या घराण्यातील 'सौभाग्य', म्हणजे चांगला वाटा, हा शब्दही तिच्यासाठी नवरा जिवंत असणे एवढ्याच अर्थी उरला. महाराष्ट्राने १९९४ साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींना सहदायाद केले. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित मुलींनाही तो हक्क मिळाला. भावांच्या नावे हक्कसोडपत्र लिहून देणाऱ्या बहिणी त्यानंतरही आहेत, आणि त्यांच्या बोलण्यात 'वाटा' व 'नशीब' हे दोन शब्द आजही शेजारी शेजारी, पण निरनिराळ्या अर्थांनी येतात.