शेवट ठाऊक होण्यापूर्वी

‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ ही अमेरिकी ॲनिमेशन मालिका २००५ ते २००८ या काळात प्रसारित झाली. अग्निराष्ट्राचा अधिपती ओझाई कसा हरणार, यावर चाहत्यांचे तर्क चालत. बारा वर्षांचा, अहिंसा मानणारा आंग त्याला ठार मारील काय? पूर्वीच्या अवतारांनीही त्याला कठोर होण्याचाच सल्ला दिला होता. १९ जुलै २००८ रोजी उत्तर मिळाले. सिंहकासवाने दिलेल्या विद्येने आंगने ओझाईचे अग्निसामर्थ्य हिरावून घेतले, प्राण घेतले नाहीत. अनेकांना हा तोडगा आयता वाटला. वास्तविक २००६ मधील ग्रंथालयाच्या भागात सिंहकासवाचे चित्र येऊन गेले होते. परंतु शेवट कळेपर्यंत ते इतर अनेक चित्रांपैकी एक होते. इतिहासाच्या अभ्यासकाने म्हणूनच चुकलेले तर्कही जपून वाचावेत. निकाल लागण्यापूर्वी लोकांना काय काय शक्य वाटत होते, याची साक्ष त्यांतच मिळते.