शाळा अंगणात आली तेव्हा

आमच्या वालावलमध्ये, आणि एकूणच कोकणात, मुलाची पहिली शाळा आणि मृगाचा पाऊस जोडीनेच येतात. व्हाळ भरलेले, पायवाटा निसरड्या, आणि मोठी माणसे शेतीच्या कामात बुडालेली. अशा ऐन गडबडीच्या दिवसांत सहा वर्षांच्या पोराला उठवून, न्हाऊ घालून, वेळेवर शाळेत पोचवायचे असते. म्हणून 'मुलाची शाळेची तयारी' हे शब्द मला अपुरे वाटतात. तयारी मुलाची थोडी आणि घराची जास्त असते. या तयारीकडे आपल्या लोकांनी वेगवेगळ्या काळात कसे पाहिले, ते आज सांगावेसे वाटते.

पंतोजींच्या शाळांच्या काळात जून महिन्याचे काही महत्त्व नव्हते. चांगला दिवस पाहून मुलाला धूळपाटीपुढे बसवत. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची, तिच्यावर अक्षर गिरवायचे, चुकले की हात फिरवून पुन्हा नवी पाटी. कोणत्याही कामाच्या आरंभाला आपण 'श्रीगणेशा' म्हणतो, तो तिथलाच. दसऱ्याचे पाटीपूजनही त्याच वळणाचे. ज्या घरात पोथी वाचली जाई, जमाखर्च लिहिला जाई, त्या घरातल्या मुलाला वेगळी तयारी लागत नसे. शाळेत जे चाले तेच घरात चालताना त्याने पाहिलेले असे. पण अशी घरे किती? मुली, कष्टकरी आणि अस्पृश्य मानलेल्या जातींची मुले या धूळपाटीपर्यंत क्वचितच पोचत.

ती पोचावीत म्हणून पुढचा मार्ग आला तो सक्तीचा. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, असे मांडले. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली भागात हा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व बडोदे संस्थानात नेला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना १ रुपया दंड ठरवला. या माणसांचे उपकार फार मोठे आहेत. शाळेचे दार सर्वांना उघडे झाले ते त्यांच्यामुळे. पण कायदा मुलाला दारापर्यंत आणतो. आत त्याचे मन रमेल की नाही, आणि त्याच्या मागे घरचे काम कोण करील, याचे उत्तर कायद्यात नसते.

ते उत्तर शोधले दोन बायकांनी. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत बालशिक्षणाचे काम करीत होत्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. मॉन्टेसोरी पद्धतीचा हा सगळा खटाटोप तोवर बहुतेक शहरातल्या खाऊनपिऊन सुखी घरांपुरता होता. तो खेड्यात नेण्यासाठी १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या. तिथे अनुताई वाघ (१९१०–१९९२) त्यांना येऊन मिळाल्या, त्या जन्मभरासाठी.

बालवाडी काढली, पण वस्तीवरची मुले येईनात. मग बाईच वस्तीवर गेल्या आणि तिथल्याच अंगणात शाळा भरवू लागल्या. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, एवढा साधा तो विचार. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी पाड्यांत गेले. तिथे अडचण आणखी वेगळी. थोरल्या मुलीच्या कडेवर धाकटे भावंड, आणि मुलगे गुरांमागे. पालकांना उपदेश करून काय होणार? त्यांनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली आणि तिला 'विकासवाडी' म्हटले. धाकट्याला पाळण्यात ठेवून ताई वर्गात बसू लागली. गुराख्यांसाठी 'कुरणशाळा' निघाली. महागड्या साधनांऐवजी बिया, खडे, शिंपले, पाने आली. मुलाला आधी स्वच्छ करायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ, आणि अक्षर त्यानंतर.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांपासून एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि 'अंगणवाडी' हा शब्द घरोघर गेला. आमच्याकडे अंगणाला खळे म्हणतात. त्या शब्दात बोर्डीचे खळे दडलेले आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

२०२२ पासून महाराष्ट्रातल्या शाळांत 'पहिले पाऊल' या नावाने शाळापूर्व तयारीचे मेळावे भरू लागले. त्यात आयांचे गट करून घरच्या वस्तूंनीच मुलांकडून खेळ करून घ्यायचे असतात. ही कोसबाडचीच वाट आहे, म्हणून बरे वाटते. पण दुसरीकडे तीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन पानेच्या पाने भरून घेणारे वर्गही वाढले आहेत. शाळेत घालण्याआधीच शाळेतले सगळे आले पाहिजे, अशी घाई.

मी अनेक वर्षे पहिलीला शिकवले. अक्षर न येणारे मूल मागे पडलेले मला क्वचितच दिसले. मागे पडायचे ते घाबरलेले मूल. "थांब, बाईंकडेच देते, मग कळेल!" असे ऐकत वाढलेले मूल वर्गात लघवीला जायचे आहे हेसुद्धा सांगत नाही. त्याला अ आ ई कितीही येवो, ते दोन महिने कोपऱ्यात बसून राहते.

तेव्हा ज्यांचे मूल येत्या जूनला पहिलीत जाणार आहे, त्यांना एवढेच सांगेन. मे महिन्यात एखाद्या संध्याकाळी त्याला शाळेच्या आवारात मनसोक्त खेळू द्या. पाणी कुठे, मुतारी कुठे, ते दाखवा. डबा आपल्या हाताने उघडू दे, नाव न लाजता सांगू दे. रात्री एक गोष्ट सांगा. आणि पावसात त्याला सोडायला कोण जाणार आणि आणायला कोण, ते घरात आधी बसून ठरवा. अक्षरांचे काम बाई बघतील.