गावच्या ग्रंथपालाची शिदोरी

ग्रंथालयांचा इतिहास आपण बहुतेक वेळा इमारतींचा, देणगीदारांचा आणि संग्रहांचा लिहितो. कोणाच्या हस्ते कोनशिला बसली, किती हजार ग्रंथ जमले, कोणत्या राजाने किती रुपये दिले, हे सगळे नोंदलेले सापडते. कपाटाची किल्ली ज्याच्या हाती असे, त्याच्याविषयी मात्र दोन ओळीही मिळत नाहीत. लहान गावात हा माणूस बहुधा शाळामास्तर असे. शाळा सुटल्यावर तो तासभर वाचनालय उघडी. पुस्तकांची नोंद कशी ठेवायची हे त्याला कोणी शिकवले? मुंबई-अहमदाबादेत कोणते नवे पुस्तक निघाले हे त्याला कोण कळवी? हा प्रश्न घेऊन मी बडोदा संस्थानाच्या ग्रंथालय चळवळीकडे पाहतो, तेव्हा ओळखीची कथा जरा निराळी दिसू लागते.

ओळखीची कथा अशी. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाणे गावचा एक शेतकऱ्याचा मुलगा 1875 साली दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. त्या सयाजीराव गायकवाडांनी 1893 मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि 1906 मध्ये ते सबंध संस्थानाला लागू केले. पुढची अडचण लवकरच पुढे आली. चौथीपर्यंत शिकलेले पोर शेतावर जाते, घरात कागदाचा कपटा नसतो आणि काही वर्षांत अक्षरे पुसली जातात. म्हणजे शाळेवरचा खर्च टिकवायचा तर शाळेनंतरचे वाचन हवे. अमेरिकेच्या प्रवासात महाराजांनी तिथली फुकट सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटचे ग्रंथपाल विल्यम ॲलन्सन बोर्डन यांना त्यांनी 1910 मध्ये बडोद्याला आणले. बोर्डन 1913 पर्यंत राहिले.

या तीन वर्षांत बोर्डन यांनी महाराजांच्या खासगी संग्रहाचा पाया घेऊन मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले आणि ड्यूई व कटर यांच्या पद्धतींचा मेळ घालून वर्गीकरणाची एक योजना आखली. मला त्यांचे याहून मोठे वाटणारे काम म्हणजे 1911 मध्ये सुरू केलेला ग्रंथपालांचा प्रशिक्षणवर्ग. लाहोरला पंजाब विद्यापीठात आसा डॉन डिकिन्सन यांनी वर्ग सुरू केला तो 1915 मध्ये, आणि मद्रासेत रंगनाथन यांच्या पुढाकाराने शिक्षण सुरू झाले ते 1929 मध्ये. तेव्हा आपल्या देशात ग्रंथपालाला पद्धतशीर शिकवण्याचा आरंभ एका संस्थानी राजधानीत झाला. बोर्डन स्वतः ड्यूईंच्या कोलंबियातील ग्रंथालयशाळेत शिकवून आलेले होते. ग्रंथपाल घडवावा लागतो, ही समजूत ते सोबत घेऊन आले.

राजधानीतले लोक शिकले, पण गावांचे काय? तिथे बोर्डन यांच्या आधीपासून एक देशी प्रयत्न चालू होता. वसो गावचे शिक्षक मोतीभाई अमीन यांनी 1906 पासून मित्रमंडळांच्या मार्फत गावोगाव लहान वाचनालये काढली होती. पुढे तेच संस्थानाच्या ग्रंथालय खात्यात दाखल झाले. बडोद्याची योजना टिकली याचे बरेचसे श्रेय मी या जोडणीला देतो. अमेरिकन पद्धत वरून आली, पण ती गावात रुजवायला गावातलाच मास्तर होता. पैशाची रीतही तशीच शहाणपणाची ठेवली होती. गावाने वर्गणी जमवायची, तेवढीच रक्कम प्रांत पंचायतीने द्यायची आणि तेवढीच सरकारने. एक तृतीयांश भार गावावर असल्याने वाचनालय सरकारी चावडीसारखे परके राहिले नाही. 1940 च्या सुमारास संस्थानात अशी ग्रामग्रंथालये हजाराच्या वर होती.

ज्या गावात तेवढीही वर्गणी निघत नसे तिथे फिरत्या पेट्या जात. मजबूत लाकडी पेटी, तिच्यात पंधरापासून तीसपर्यंत पुस्तके, आणि जाण्यायेण्याचा खर्च खात्याचा. ठरलेल्या मुदतीनंतर पेटी परत यायची आणि दुसरी जायची. पण पेटी स्वतः बोलत नाही. कोणाला कोणते पुस्तक द्यावे, पाने फाटली तर काय करावे, बाया वाचनालयात येत नाहीत तर पुस्तक घरी कसे पोचवावे, हे ज्याने ठरवायचे त्याला दुसऱ्या कोणाचा तरी अनुभव हाताशी हवा.

तो अनुभव पोचवण्याचे साधन म्हणून 1912 मध्ये बडोद्याहून ‘लायब्ररी मिसेलनी’ हे त्रैमासिक निघाले. त्याची धुरा प्रामुख्याने ज. स. कुडाळकर यांनी वाहिली. बोर्डन यांच्यानंतर ग्रंथालय खातेही त्यांच्याचकडे आले. या त्रैमासिकाचे तीन विभाग होते : इंग्रजी, गुजराती आणि मराठी. भारतात ग्रंथालयांच्या कामाला वाहिलेले हे पहिले नियतकालिक मानले जाते. त्रैभाषिक असणे ही हौस नव्हती. इंग्रजी विभाग देशभरच्या आणि परदेशच्या ग्रंथपालांशी बोलत होता. गुजराती विभाग संस्थानातल्या बहुसंख्य गावांशी बोलत होता. मराठी विभाग दरबारातल्या आणि बडोद्यातल्या मराठी मंडळींसाठी होताच, पण नर्मदा-तापीच्या दक्षिणेला जिथे सरकार असे काही करत नव्हते, तिथल्या वाचनालयांच्या चालकांनाही तो वाचता येत होता. बहुभाषिक नियतकालिकाच्या मराठी विभागात हे लिहिताना मला त्या तीन विभागांचा आधार वाटतो. एखाद्या धंद्याचे ज्ञान केवळ इंग्रजीत ठेवले की ते राजधानीत अडते, हे त्या संपादकांना कळले होते.

हे त्रैमासिक दशकभरही चालले नाही. पुढे गुजरातीत ‘पुस्तकालय’ मासिकाने गावांशी बोलणे चालू ठेवले. मराठी विभागाला मात्र तसा वारस बडोद्यात मिळाला नाही. आपल्या भाषेतल्या ग्रंथपालाचे एक दार तिथे बंद झाले, आणि त्याची खंत आपल्या वाङ्मयीन इतिहासांत क्वचितच दिसते.

या कथेला एक काळी बाजू आहे आणि ती झाकून इतिहास पुरा होत नाही. 1917 मध्ये, ही चळवळ ऐन भरात असताना, बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर अमेरिकेत शिकलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर संस्थानाच्या नोकरीत रुजू व्हायला आले. त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात ते नाव बदलून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले, आणि त्यांनी कामाठी बागेत पाच तास काढले. राजधानीत हे घडत होते, तर खेड्यातल्या वाचनालयाची पायरी कोणाला चढता येत असेल, हे मी निराळे सांगायला नको. नियम करणारा राजा उदार होता, पण नियम अमलात आणणारा गावात बसलेला होता. म्हणून त्या माणसाच्या शिक्षणाचा प्रश्न तालिका आणि नोंदवहीपुरता नव्हता. दार कोणासाठी उघडायचे, हेही त्याला शिकायचे होते, आणि तेवढा धडा कोणत्याही वर्गात पुरेसा शिकवला गेला नाही.

तरी बडोद्याचे बी दूरवर पडले. नोव्हेंबर 1919 मध्ये मद्रासला अखिल भारतीय सार्वजनिक ग्रंथालय परिषद भरली, तिचे अध्यक्ष कुडाळकर होते आणि संयोजनामागे आंध्रचे अय्यंकी वेंकटरमणय्या होते. अय्यंकींनी ग्रंथालयांसाठी तेलुगूत ‘ग्रंथालय सर्वस्वमु’ हे नियतकालिक चालवले. 1931 मध्ये तमिळ मुलुखात मन्नारगुडीजवळच्या खेड्यांत बैलगाडीतून पुस्तके फिरू लागली. पेटी, गाडी, मासिक, वर्ग : प्रांत बदलले तरी साधने तीच राहिली, कारण एकट्या पडलेल्या ग्रंथपालाची गरज सगळीकडे सारखीच होती.

1949 मध्ये बडोदा मुंबई राज्यात विलीन झाले आणि संस्थानाचे स्वतंत्र खाते इतिहासजमा झाले. महाराष्ट्राने 1967 मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. गुजरातेत तो 2001 मध्ये झाला. आज महाराष्ट्रात अनुदानित सार्वजनिक ग्रंथालये अकरा-बारा हजार आहेत आणि त्यांतली बरीचशी ‘क’ आणि ‘ड’ वर्गातली, म्हणजे खेड्यातली आहेत. तिथे बसणाऱ्यांचे मानधन इतके तुटपुंजे असते की ते सांगताना समोरचा माणूस नजर खाली करतो. ग्रंथालय संघांचे प्रमाणपत्र वर्ग आहेत, जिल्हा अधिवेशने आहेत, आता मोबाइलवरचे गट आणि दूरस्थ व्याख्यानेही आहेत. साधने बोर्डनच्या काळापेक्षा कितीतरी स्वस्त झाली आहेत. पण वर्गाला जायचे तर एसटीचे भाडे कोणी द्यायचे आणि त्या दिवशी वाचनालय कोणी उघडायचे, हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरित राहतो. अनुदानाच्या हिशेबात पुस्तक खरेदीचा रकाना असतो. पुस्तक देणाऱ्याच्या शिकण्याचा रकाना मला तिथे दिसत नाही.

बडोद्याने पेटीचे भाडे खात्याच्या खर्चात धरले होते. पुस्तक गावापर्यंत पोचवायचे तर वाटेचा खर्च आपण सोसला पाहिजे, एवढा साधा विचार त्यामागे होता. ग्रंथपाल प्रशिक्षणाला जातो तेव्हा त्याच्याही वाटखर्चाची सोय कोणीतरी केली, तर 1911 चा तो वर्ग पुढे चालू आहे असे म्हणता येईल.