विहिरीत सापडलेल्या स्फटिकांचा रंग का उडतो? अशी घ्या काळजी

नाशिक, जळगाव, पुणे भागात विहीर खोदताना किंवा दगडखाणीत काळ्या कातळाच्या पोकळीत चमकदार स्फटिक निघतात. गावाकडं त्यांना सरसकट गारगोटी म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हात वायूचे बुडबुडे अडकून या पोकळ्या झाल्या आणि पुढं झिरपलेल्या पाण्यातल्या खनिजांपासून त्यात स्फटिक वाढले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात असे अनेक नमुने पाहायला मिळतात.

जांभळी गारगोटी म्हणजे अ‍ॅमेथिस्ट. तिच्यातल्या किंचित लोहावर जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्साराचा परिणाम होऊन हा रंग येतो. कडक उन्हात बरेच दिवस पडून राहिली, की रंग फिका होतो आणि आपोआप परत येत नाही. भट्टीसारख्या उष्णतेत ती पिवळसर किंवा बिनरंगी होते.

स्टिलबाइट, अपोफिलाइट यांच्या घडणीतच पाणी असतं. जास्त तापले तर ते पाणी उडून जातं, स्फटिक पांढरट पडतो, चिरतो.

काय करावं?

- माती साध्या पाण्यानं, मऊ ब्रशनं हळू काढा.
- अ‍ॅसिड, लिंबू, व्हिनेगर लावू नका. कॅल्साइट विरघळतं, बाकीच्यांची चमक जाते.
- पत्र्यावर किंवा चुलीजवळ नको, सावलीत वाळवा.
- प्रत्येक नग वेगळा, मऊ कागदात गुंडाळून बंद पेटीत ठेवा.

रंग उडालेल्या, टोक मोडलेल्या नगाला भाव कमीच मिळतो. त्यामुळं विकायचा असो वा घरात ठेवायचा, पहिल्याच दिवशी ऊन आणि अ‍ॅसिड टाळा.